वेबसाईट कधी मोबाईलवर उघडून बघितलीय का? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच विषयाची निघाली, दुकानाची किंवा धंद्याची वेबसाईट आणि ती मोबाईलवर दिसते कशी. बेळगावातल्या शहापूरपासून जांबोटीपर्यंत सगळ्यांचं दुखणं मिळतंजुळतं आहे म्हणून ती पत्रं एकत्रच घेतो. नावं छापत नाही, गाव आणि धंदा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : आमचं साड्यांचं दुकान, वडिलांपासूनचं. २०१३ साली एका मुलाकडून वेबसाईट करून घेतलेली, कॉम्प्युटरवर अजून झकास दिसते. पण लेक म्हणते पप्पा मोबाईलवर ती मुंगीएवढी दिसते, नवीन करा. भाचा म्हणतो मामा कशाला पैसे घालवता, व्हॉट्सॲप आहे, इन्स्टा आहे, वेबसाईट आता कोण बघतंय. दोघांचं ऐकून डोकं फिरूलंय. काय करू? — दुकानदार, शहापूर

उत्तर : काका, लेकीचं ऐका. भाच्याचंही अर्धं बरोबर आहे, ते पुढं सांगतो.

आधी मुंगीएवढं का दिसतं ते बघू, ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. २००७ ला आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळ्या वेबसाईट कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यासाठीच बांधलेल्या होत्या, मग त्या तळहाताएवढ्या फोनवर दाखवायच्या कशा, तर ॲपलवाल्यांनी युक्ती केली, फोन वेबसाईटला सांगतो की माझा पडदा ९८० पिक्सेल (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा बारीक ठिपका) रुंद आहे, वेबसाईट तेवढी ऐसपैस पसरते आणि मग फोन ते आख्खं पान दाबून आपल्या पडद्यात बसवतो. बाकीच्या फोननी पण साधारण हीच रीत उचलली. आज बऱ्याच अँड्रॉइड फोनची रुंदी वेबसाईटच्या हिशोबात ३६० पिक्सेलच्या आसपास धरतात, म्हणजे तुमचं पान जवळजवळ एक तृतीयांश होतं आणि १४ पिक्सेलचं अक्षर ५ पिक्सेलवर येतं. लेक मुंगी म्हणते ते उगाच नाही.

यावर उपाय निघून पण आता बरीच वर्षं झाली. पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्ट नावाची एक ओळ घालतात, ती फोनला सांगते की तुझी खरी रुंदी धर, आणि पान असं बांधतात की मिळेल त्या रुंदीत रांगा, फोटो, अक्षरं आपापली जागा घेतात. याला रिस्पॉन्सिव्ह डिझाइन म्हणतात, ईथन मार्कॉट नावाच्या अमेरिकन डिझायनरनं मे २०१० मध्ये लेख लिहून हे नाव रूढ केलं. तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर जुनी वेबसाईट म्हणजे मापाचा शिवलेला ब्लाऊज, एकीलाच बसणार. रिस्पॉन्सिव्ह म्हणजे साडी, नेसणारी बारीक असो की जाड, उंच असो की बुटकी, निऱ्या कमीजास्त होतात पण बसते सगळ्यांना. एक लक्षात ठेवा, नुसती ती एक ओळ जुन्या वेबसाईटला चिकटवून काम होत नाही, मग पान कडेनं बाहेर जातं आणि आडवं सरकवत बसावं लागतं, त्यामुळं कोणी म्हणालं पाच मिनिटांत करून देतो तर जरा थांबा.

आता तुमचं गिऱ्हाईक बघा. लग्नाचा बस्ता बांधायला तुमच्याकडं चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, सावंतवाडी, पार गोव्यातून माणसं येतात. घरातली पाच-सात माणसं गाडीत, म्हातारी पुढच्या सीटवर, आणि मागं बसलेली कॉलेजची पोरगी मोबाईलवर शोधत असते की बेळगावात कुठं जायचं, पार्किंग आहे का, आज दुकान चालू आहे का. त्या गाडीत कॉम्प्युटर नसतो हो. तिच्या हातात तुमची मुंगीएवढी वेबसाईट आली की ती दोन बोटांनी ताणून बघणार, एकदा बघेल, दुसऱ्यांदा मागं जाऊन पुढचं दुकान उघडेल. दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाईक परत चाललं तर तुम्हाला दिसतं, तुम्ही हाक मारता, या ताई बसा, नुसतं बघून जावा म्हणता. वेबसाईटवरून परत गेलेलं गिऱ्हाईक दिसतच नाही, म्हणून तर आपल्याला वाटत राहतं की सगळं ठीक चाललंय.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. घरातल्या मुंजीसाठी कार्यालय शोधत होतो, चोर्ला घाटातून येताना वाटेत चहाला थांबलो तेव्हा एका कार्यालयाची वेबसाईट उघडली. फोन नंबर होता पण तो बॅनरच्या चित्रात छापलेला, दाबून फोन लागत नाही, कॉपी होत नाही, आणि तो वाचायला चित्र मोठं करावं तर वरून एक चौकट येऊन बसायची, तिचं फुलीचं बटण पडद्याच्या बाहेर. दहा मिनिटं धडपडलो आणि दुसरीकडं फोन लावला, मुंज तिथंच झाली. पहिल्या कार्यालयाच्या मालकाला आजही माहीत नसेल की त्यांची एक तारीख कशामुळं गेली, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण जागा चांगली होती.

तेव्हा तुमच्या वेबसाईटवर एवढं तरी हवंच. फोन नंबर दाबला की फोन लागला पाहिजे. लँडलाईन असेल तर बेळगावचा कोड ०८३१ आधी लावून द्या, गोव्याचा कोड ०८३२ आहे आणि कोल्हापूरचा ०२३१, बाहेरून येणाऱ्याला नुसते शेवटचे आकडे देऊन काय उपयोग. नकाशाचं बटण हवं, गल्लीत गाडी येत नसेल तर कुठं लावायची ते एका ओळीत, दुकानाची वेळ आणि सुट्टीचा वार अगदी वरती. आणि पैशाचा क्यूआर कोड नुसता चित्र म्हणून लावून सोडू नका, ही चूक मी कितीतरी ठिकाणी बघतो. काउंटरवर कोड ठीक असतो कारण कोड तुमचा आणि फोन गिऱ्हाईकाचा, पण वेबसाईट तर त्याच फोनवर उघडलीय, तो स्वतःच्या फोननं स्वतःचाच पडदा स्कॅन कसा करणार. तिथं पैसे भरायचं बटण द्यायचं, दाबलं की यूपीआयचं ॲप उघडलं पाहिजे.

आता भाच्याचं. व्हॉट्सॲप आणि इन्स्टा चालूच ठेवा, नवीन माल दाखवायला त्यासारखं काही नाही. पण व्हॉट्सॲपवर तोच येतो ज्याच्याकडं तुमचा नंबर आहे, आणि ते खातं एखाद्या दिवशी बंद पडलं तर तिथं घातलेले फोटो, जमवलेली माणसं सगळं अडकलं. वेबसाईटचं नाव तुमचं स्वतःचं असतं. असतं म्हणालो खरं, पण तेही एकदा तपासा, ज्या मुलानं २०१३ ला काम केलं त्यानं डोमेन, म्हणजे वेबसाईटचं ते नाव, कुणाच्या नावावर घेतलंय बघा, आपल्याकडं बऱ्याचदा ते त्या मुलाच्याच नावावर असतं आणि मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेला असतो. नवीन काम सुरू करायच्या आधी ते तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर करून घ्या.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं कास्टिंग आणि मशिनिंगचं छोटं युनिट आहे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या, परचेसवाले ऑफिसात बसून मोठ्या स्क्रीनवरच बघतात. आम्हाला मोबाईलची भानगड कशाला? — युनिटमालक, उद्यमबाग

उत्तर : दादा, कॉम्प्युटरवर बघतात हे तुमच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं असेल, तुमची मोठी स्क्रीनवाली मांडणी चांगलीच पाहिजे, ती मोडा असं कोण म्हणत नाही. पण ऑफिसात बसलेल्या माणसापर्यंत तुमची वेबसाईट पोचते कशी ते बघा. कुणीतरी त्याला व्हॉट्सॲपवर लिंक टाकतं, तो ती शॉपफ्लोअरवर उभ्या उभ्या उघडतो, बरं वाटलं तर मग जागेवर जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघतो. पहिली भेट फोनवरच झाली की.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. गूगलवर तुम्ही कुठल्या नंबरला दिसणार हे ठरवताना गूगल तुमच्या वेबसाईटचं मोबाईलवर दिसणारं रूपच वाचतं, शोधणारा कॉम्प्युटरवर बसला असला तरी. याची घोषणा नोव्हेंबर २०१६ ला झाली, मग हळूहळू एकेक वेबसाईट त्यात घेत ऑक्टोबर २०२३ ला काम संपलं म्हणून त्यांनी जाहीर केलं, आणि जी थोडीफार राहिली होती तीही ५ जुलै २०२४ नंतर त्यातच घेतली. त्या तारखेनंतर जी वेबसाईट मोबाईलवर उघडतच नाही ती गूगलच्या यादीत घेतली जात नाही. बारीक दिसते म्हणून लगेच काढून टाकतात असं नाही, घाबरू नका. पण काहीजण काय करतात, कॉम्प्युटरवर मशिनची पूर्ण यादी, टनेज, मटेरियल ग्रेड सगळं देतात आणि मोबाईलवर जागा नाही म्हणून तेच गाळून टाकतात. मग ते गूगलच्या लेखी नाहीच. तुमची खरी ताकद त्या यादीत आहे, ती मोबाईलवर पण पूर्ण ठेवा, आडवा मोठा तक्ता मावत नसेल तर प्रत्येक मशिनचा वेगळा छोटा ठोकळा करा. आणि सगळं एका मोठ्या पीडीएफ कॅटलॉगमध्ये कोंबून तेवढीच लिंक देऊ नका, फोनवर तो उघडून वाचायला फार त्रास होतो.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची वेबसाईट मराठीत आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित मराठी दिसतं पण सभासद तक्रार करतात की मोबाईलवर भलतंच काहीतरी येतं, इंग्रजी अक्षरं नि खुणांची खिचडी. व्याजदराचं पान तरी वाचता यायला पाहिजे म्हणतात. दोष त्यांच्या फोनचा का आमचा? — सेक्रेटरी, अनगोळ

उत्तर : दोष फोनचा नाही आणि सभासदांचाही नाही. हे दुखणं आपल्या भागात घरोघरी आहे, आणि मराठीवर जीव असलेल्या माणसांच्याच वेबसाईटला ते जास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झालंय काय, तो मजकूर डीटीपीवाल्याकडून आलाय, छपाईसाठी केलेला. कृतिदेव, शिवाजी असे जे जुने फॉन्ट आहेत त्यांत आपण क टाईप करतो तेव्हा कॉम्प्युटरच्या पोटात क नसतोच, तिथं एखादं इंग्रजी अक्षर किंवा खूण साठवलेली असते, फॉन्ट फक्त त्या जागी क चं चित्र काढून दाखवतो. तुमच्या ऑफिसात तो फॉन्ट घातलेला आहे म्हणून चित्र दिसतं. सभासदाच्या फोनमध्ये फॉन्ट नाही, मग फोन बिचारा पोटात जे आहे तेच दाखवतो. कन्नडचंही तसंच, जुन्या नुडी किंवा बरहा फॉन्टमध्ये केलेला मजकूर तसाच उचलून टाकला की तिथंही हाच गोंधळ.

उपाय एकच, सगळा मजकूर युनिकोडमध्ये घ्या. युनिकोडमध्ये क म्हणजे कच असतो, कुठल्याही फोनवर, कुठल्याही देशात. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका, रफार, जोडाक्षरं, ऱ्या आणि र्‍हस्व-दीर्घ यांत हमखास चुका राहतात, आणि पतसंस्थेच्या पानावर एखादा आकडा नाही तर शब्द चुकला तर केवढ्याला पडेल. एका जाणत्या माणसाला बसवून एकदा पूर्ण वाचून घ्या. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि बारीक पडद्यावर नीट वाचता येतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगायला करणाऱ्याला जरूर सांगा, बरेचजण ते विसरतात, काही चांगल्या फॉन्टमध्ये मग आपला मराठी वळणाचा ल आणि श येतो, नाहीतर हिंदी वळणाचा. मला तो फरक लगेच खुपतो.

या त्रासाला कंटाळून लोक काय करतात, मराठी मजकुराचा फोटो काढून तो चिकटवतात. तसं करू नका. फोटोतलं अक्षर फोनच्या रुंदीप्रमाणं मोठं होऊन खाली उतरत नाही, ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं ते फोनला वाचून दाखव म्हणतात तेव्हा फोन त्या फोटोवर मुका होतो, आणि गूगलच्या शोधात तो मजकूर धड सापडत नाही. शोधणारा काय टाकेल याचा नेम नाही हो. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, पण माणसं बेळगाव टाकतात, बेळगावी टाकतात, इंग्रजीत जुनं स्पेलिंग टाकतात, नवं टाकतात, आताशा तर नुसतं फोनला तोंडानं विचारतात. ही सगळी नावं पत्त्यात, माहितीत खऱ्या अक्षरांत कुठं ना कुठं यायला पाहिजेत.

आणि भाषा बदलायचं बटण वरतीच ठेवा, दिसेल असं. तुमचे निम्मे सभासद मराठी वाचत असतील तर बाकीचे कन्नड वाचतात, शेजारी शेजारी राहतात, एकाच रांगेत उभे राहून पासबुक भरतात. कन्नड हा शब्द कन्नड लिपीतच लिहा, ज्याच्यासाठी बटण आहे त्याला ते ओळखू आलं पाहिजे.

प्रश्न : जांबोटीच्या पुढं आमचा होमस्टे आहे. फोटो एका चांगल्या फोटोग्राफरकडून काढून घेतलेत, वेबसाईट नवीन आहे, मोबाईलवर नीट बसते पण. तरी लोक म्हणतात उघडतच नाही, चक्र फिरत राहतं. बुकिंगचा फॉर्म पण कोण पूर्ण भरत नाही. — होमस्टेवाली ताई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमची वेबसाईट मी फोनवर उघडून बघितली, फोटो खरंच सुंदर आहेत, पावसातला तो ओढ्याचा तर फारच. पण एकेक फोटो पाच-सहा एमबीचा आहे आणि पहिल्याच पानावर असे बारा आहेत, शिवाय वर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. शहरात वायफायवर बसलेल्याला चालेल, पण तुमचं गिऱ्हाईक पावसाळ्यात कणकुंबीच्या आसपास गाडी थांबवून, एक-दोन काड्यांच्या नेटवर्कवर मुक्कामाला जागा शोधतंय.

फोनवर दाखवायला साधारण १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो भरपूर झाला. तो वेबपी प्रकारात साठवला की एमबीचा केबीवर येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. पहिला एकच फोटो लगेच येऊ दे, बाकीचे माणूस खाली सरकेल तसे. व्हिडिओ काढा, ज्याला बघायचाय तो दाबून बघेल. गूगलचं चांगल्या वेबसाईटचं माप असं आहे की पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हालचाल व्हावी, आणि पान उघडताना मजकूर वरखाली उड्या मारू नये. उड्या मारण्याचं तुम्हाला पण अनुभवाचं असेल, आपण एका बटणावर बोट न्यावं आणि तेवढ्यात वर फोटो येऊन बटण खाली सरकावं, भलतंच दाबलं जातं. फोटोची लांबीरुंदी आधीच कोडमध्ये दिली की हे थांबतं.

फॉर्मचं म्हणाल तर तुम्ही चौदा रकाने ठेवलेत, त्यात पिनकोड पण आहे. नाव, फोन, तारीख, माणसं किती, बास. फोन नंबरच्या रकान्यात बोट ठेवलं की आकड्यांचा कीबोर्ड आला पाहिजे. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन त्या जागी पान आपोआप मोठं करतो आणि मग माणसाला आपण कुठं आहोत तेच कळत नाही. बटणं अंगठ्याला लागतील एवढी मोठी, ॲपल ४४ पॉइंट म्हणतं, गूगल ४८, त्यातलं मोठं धरा. आपल्याकडची शेतावर, भट्टीवर काम केलेली बोटं डिझायनरच्या बोटांसारखी नाजूक नसतात.

प्रश्न : कुंद्याचं दुकान आहे, कुरिअरनं पण पाठवतो. एकजण म्हणतो मोबाईलसाठी वेगळी वेबसाईट करा, दुसरा म्हणतो ॲपच करा. — मिठाईवाले, बेळगाव

उत्तर : दोन्ही नको. वेगळी मोबाईल वेबसाईट ही जुनी पद्धत, दोन ठिकाणी भाव बदलत बसाल आणि एकीकडं विसराल. ॲप तेव्हा, जेव्हा तेच गिऱ्हाईक आठवड्यातून दोनदा तुमच्याकडं येतं. वर्षातून तीनदा कुंदा मागवणारा पुण्यातला माणूस त्यासाठी फोनमध्ये ॲप ठेवणार नाही. एकच वेबसाईट, रिस्पॉन्सिव्ह, आणि कुंदा किती दिवस टिकतो, किती किलोला कुरिअरचे किती, हे पहिल्याच पडद्यावर.

प्रश्न : आपली वेबसाईट मोबाईलवर चांगली आहे का हे आम्हाला घरच्या घरी कसं कळेल? डिझायनर तर चांगलीच आहे म्हणतो. — वाचक, निपाणी

उत्तर : गूगलचं एक पेजस्पीड इनसाइट्स म्हणून साधन आहे, फुकट, वेबसाईटचा पत्ता टाकला की मोबाईलचा वेगळा हिशोब दाखवतं. पूर्वी नुसतं मोबाईल-फ्रेंडली आहे का नाही सांगणारं एक साधन होतं ते डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं, अजून कोण त्याचं सर्टिफिकेट दाखवत असेल तर ते जुनं आहे. वेबसाईटवर ॲनालिटिक्स, म्हणजे कोण किती आलं ते मोजणारं साधन, लावलेलं असेल तर डिझायनरला विचारा की येणाऱ्यांत मोबाईलवाले किती आणि त्यांतले लगेच परत जाणारे किती. दुसऱ्या कुणाच्या आकड्यांपेक्षा तुमचे हे दोन आकडे तुम्हाला जास्त सांगतील.

पण मला विचाराल तर सगळ्यात आधी हे करा. घरातलं एखादं वयस्क माणूस घ्या, ज्याला तुमची वेबसाईट माहीत नाही, त्याचाच साधा फोन, वायफाय बंद. त्याला म्हणा दुकानाची वेळ शोधा आणि दुकानात फोन लावा. तुम्ही बाजूला बसा आणि एक शब्द बोलू नका, बोट कुठं अडकतं तेवढं कागदावर लिहा. माझ्या आईला बसवलं होतं मी, माझ्याच केलेल्या एका वेबसाईटवर, तिला तीन आडव्या रेघांचं ते मेन्यूचं चिन्ह दाबायचं असतं हेच माहीत नव्हतं. तेव्हापासून मी त्या रेघांच्या खाली मेन्यू असं अक्षरात लिहितो.